मानस

सगुण शिरोडकर, वय बावन्न, चोडण.
धंद्याच्या रकान्यात त्याने सांगितले : मानस.
कारकुनाने 'मजूर' लिहिले. मी खोडले.
मी रायबंदरची. मला ठाऊक आहे
खाजणाच्या बांधात बसवलेली ती लाकडी दारे,
भरतीला आपसूक मिटतात, सुकतीला उघडतात,
आणि तरी कुणीतरी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन
त्यांच्याजवळ कान देऊन बसावे लागते.

त्याच्या छातीवर नुसता तळवा ठेवला
तरी लागायची थरथर,
मांजर घुरघुरते तशी, श्वासालाही न थांबणारी.
महाधमनीच्या मुळाशी एक पिशवी जन्मापासून पातळ,
चवथीच्या आदल्या दिवशी भाताचे पोते उचलताना फुटली.
इव्हेटबाई कागदावर चित्र काढू लागल्या.
तो म्हणाला, "बांधाला भोक.
खारे पाणी शेतात."
बाईंनी पेन बंद केले.

बांबोळीची कॅथलॅब बारमाही थंड.
शिशाचा अंगरखा माझ्या खांद्यांना आता ओळखतो.
तो जागा होता. जांघेपुरती भूल.
उजव्या धमनीतून एक तार वर गेली,
भोकातून पलीकडे उतरली.
तिथे शिरेतून चढवलेला फास
तोंड उघडून तिची वाट बघत होता.
दोनदा निसटली.
तिसऱ्यांदा आवळला, आणि बाई तिला
हळूहळू, हळूहळू खाली ओढत
शिरेच्या दारातून बाहेर घेऊन आल्या.
आता एका माणसातून आरपार एकच दोरी,
एका जांघेत शिरलेली, काळजातून वळलेली,
दुसऱ्या जांघेतून निघालेली,
दोन्ही टोके आमच्या हातात.
अशा वेळी मला कुणाशी बोलवत नाही.

बूच तारेच्या जाळीचे. नळीत असते तोवर काडी,
बाहेर पडताच स्वतःचा आकार आठवणारे.
दहाचे बसवले. बाईंनी ओढून पाहिले.
पडद्यावर कडेने धूर.
"परत घेते. बारा द्या."
मी नवे पाकीट फाडले.
तेवढ्यात हिरव्या कापडाखालून आवाज आला,
"बाये, भरती काय सुकती?"

कुणाला कळले नाही. मला कळले.
भरतीत बांध बुजवत नाहीत.
माती टाकावी तेवढी नदी नेते.
त्या खोलीला खिडकी नाही.
भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा.
"सुकती," मी म्हणाले.
"मग घाला," तो म्हणाला,
जणू बांधावर उभा राहून गड्यांना सांगतो आहे.

बाराचे बसले. धूर नाही.
बाईंनी दांडी उलटी फिरवली, एक, दोन, तीन वळसे,
आणि सोडून दिले.
मी हातमोजा न काढताच त्याच्या छातीवर हात ठेवला.
मांजर निघून गेले होते.

तीन महिन्यांनी तपासणीला आला,
पिशवीत मानशीची सुंगटे, वर केळीचे पान.
पाय हडकुळे, चपला नव्या.
झोप येत नाही म्हणाला.
घरात कुणीतरी रुसून बसले आहे असे वाटते.
बायको मध्यरात्री पाठीला कान लावते,
काही ऐकू येत नाही, की दचकून उठते,
मग नाकापुढे बोट धरते.
इव्हेटबाई हसल्या. मलाही हसू आले.

दारात चप्पल सरकवताना
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"त्या दिवशी अवस होती, बाये.
अवसेला अकराला पाणी शिगेला असते."

मी काहीच बोलले नाही.
पुढच्या पेशंटचा कागद हातात होता,
तो तसाच.

संध्याकाळी घरी जाताना
रायबंदरच्या धक्क्यावर जरा उभी राहिले.
खालच्या दोन पायऱ्या बुडालेल्या.
चढते आहे की उतरते,
बघून मला अजूनही सांगता येत नाही.